माणूस शिडीनं चढतो, माल क्रेननं उचलतात

(भिवंडीत वस्तीवरच्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय. मधल्या शिव्या संपादकांनी ठेवल्या तर त्यांची मर्जी, कापल्या तर त्यांची भीती.)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण मी कविता म्हणणार नाही. काल रात्रपाळी केली, लोखंडाच्या कॉइल उतरवल्या, आणि आज दुपारी तुमच्या पोरांचा फोन आला की दादा, विषय बदललाय. म्हणलं काय विषय? तर म्हणे, ‘सरपंच ते खासदार’. आपल्यातली चार पोरं ग्रामपंचायतीला उभी राहायचं म्हणतायत. दोघांना एका पॅनलवाल्यानं बोलावणं धाडलंय. एकाच्या घरी साखरेचं पोतंही पोचलंय म्हणे. म्हणून मला विचारायचंय की उभं राहावं का नाही.

मी मॅट्रिक झालेला माणूस, तुम्हाला राज्यशास्त्र सांगायला आलो नाही. पण गोदीत काम करताना एक गोष्ट रोज डोळ्यानं बघतो, ती सांगतो. जहाजावर जायला दोन वाटा असतात. एक शिडी. ती कठड्याला धरून, लाटेबरोबर हलत, पायरी पायरी चढायची. ती माणसांची. दुसरी वाट क्रेनची. साखळी लावली, हूक अडकवला, उचललं, ठेवलं. ती मालाची. मालाला कुणी विचारत नाही तुला कुठल्या बंदरात उतरायचंय. त्याच्यावर मालकाचा मार्का असतो, तो वाचून मुकादम ठरवतो.

एवढं लक्षात ठेवा. आता भिवंडीकडं या.

तुमच्या तालुक्यात दिवे अंजूर नावाचं गाव आहे. तिथले कपिल मोरेश्वर पाटील. गावचे सरपंच झाले. मग पंचायत समिती. मग ठाणे जिल्हा परिषद, तिथं अध्यक्ष. तेव्हा ठाणे जिल्हा अख्खा होता, पालघर वेगळं झालं नव्हतं. ते झालं २०१४ च्या १ ऑगस्टला. म्हणजे भाईंदरच्या खाडीपासून तलासरीच्या पाड्यापर्यंतची ती जिल्हा परिषद. पक्ष राष्ट्रवादी काँग्रेस. २०१४ ची लोकसभा आली आणि ते भाजपात गेले, तिकीट घेतलं, आणि काँग्रेसच्या विश्वनाथ पाटलांना १ लाख ९ हजारांवर मतांनी पाडलं. २०१९ ला सुरेश टावरेंना पाडलं, फरक १ लाख ५६ हजारांचा. आणि ७ जुलै २०२१ ला दिल्लीत शपथ घेतली. खातं कुठलं? पंचायती राज. राज्यमंत्री. गावचा सरपंच देशातल्या अडीच लाखांवर ग्रामपंचायतींच्या खात्याचा मंत्री झाला.

हसू नका. मी कौतुकच करतोय. शिडी अशी असते. एकही पायरी गाळलेली नाही. २००८ च्या पुनर्रचनेनंतर इथून गेलेले तीन खासदार झाले, २००९ ला टावरे, मग हे, मग २०२४ ला सुरेश म्हात्रे, ज्यांना तुम्ही बाळ्यामामा म्हणता. म्हात्रे २०१४ ला मनसेकडून उभे होते, पडले होते, लाखभरही मतं नव्हती. दहा वर्षांनी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि केंद्रीय राज्यमंत्र्याला ६६ हजार मतांनी पाडलं. म्हणजे पडलेला माणूस पण शिडी सोडत नाही. खाली उतरतो, दुसऱ्या कठड्याला हात घालतो, परत चढतो.

आता विचारा, पडून दहा वर्षं दम धरायला काय लागतं? लोकसभेला खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे, कागदावरची. अनामत २५ हजार, आपल्याला सवलत, १२,५००. सरकारला वाटतं गरिबी म्हणजे अनामतीची अडचण! साडेबारा हजार तर मी कर्ज काढून भरीन. त्याच्या पुढचं कुठून आणू?

ह्या तालुक्यात पायरी कशाची बनलेली आहे ते तुम्ही रोज बघता, फक्त त्याला पायरी म्हणत नाही. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला पत्र्याचे डोंगर. मुंबईत जकात होती तेव्हा व्यापाऱ्यानं माल जकातनाक्याच्या अलीकडं उतरवला, लागेल तसा आत नेला. गोदामं वाढली. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट मोठी झाली. आता मोबाइलवर बटण दाबलं की मुंबईच्या माणसाच्या दारात चप्पल येते ती इथून निघते. परळच्या बाईची चप्पल राहनाळच्या पोरानं उचललेली असते. ज्यानं उचलली त्याला बारा तास उभं राहून काय मिळतं, ते तुम्हीच एकमेकांना सांगा.

गोदाम उभं राहायला पहिली गोष्ट लागते जमीन. जमीन कुणाची? शेतकऱ्याची, आगऱ्याची, कुणब्याची. आपल्या वाट्याला गावाच्या कडेची वाडी, जिच्या सातबाऱ्यावर आपलं नावही धड नाही. दुसरी गोष्ट परवानगी. २००७ पासून ह्या भागातल्या ६० गावांना एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. पण गोदाम परवानगीचं असो नाहीतर बिनपरवानगीचं, घरपट्टी बसवते ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीच्या ह्या वहीतून पुढाऱ्याची पहिली पायरी निघते. जमिनीचा भाव वाढला, भरणी टाकायचा ठेका निघाला, पाण्याच्या टँकरचा निघाला, हमालांच्या टोळीचा निघाला, सिक्युरिटीवाल्याचा निघाला. प्रत्येक ठेक्याखाली दहा घरं, प्रत्येक घरात पाच मतं. हे मी एका माणसाबद्दल बोलत नाही. कपिल पाटलांनी अमुक केलं असं माझं म्हणणं नाही, मला माहीत नाही आणि माहीत नसलेलं मी बोलत नाही. मी शिडीचं लाकूड कुठून येतं ते सांगतोय.

आणि आता मला इथं कुणीतरी म्हणणार, म्हणजे आगरी आपले दुश्मन. नाही. हे डोक्यातून काढा. अलिबागजवळ चरी नावाचं गाव आहे. १९३३ साली तिथल्या आगरी कुळांनी खोतांची जमीन कसायची बंद केली. सहा-सात वर्षं पेरली नाही. पोरंबाळं कंदमुळं खाऊन राहिली, खाडीत मासे धरून राहिली, पण नांगर घातला नाही. त्यांचा पुढारी नारायण नागू पाटील. ते कुणाबरोबर आले? बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर. १९३७ ला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल आणलं, आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेला. महार आणि आगरी एका रांगेत. नंतर १९८४ च्या जानेवारीत उरणला दि. बा. पाटलांच्या मागं उभ्या राहिलेल्या पाच जणांना पोलिसांच्या गोळ्या लागल्या, जमिनीच्या भावासाठी. ज्या बंदरासाठी, ज्या नव्या शहरासाठी ती जमीन गेली तिथंच आज माझे अर्धे मित्र कंत्राटात कंटेनर बांधतात. तेव्हा ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांना पुढारी मिळाला, पुढाऱ्याला पायरी मिळाली, हे रीतीचंच झालं. प्रश्न असा आहे की चरीच्या रांगेत आपण होतो, मग शिडीवर का नाही?

कोण म्हणतंय आरक्षण आहे की? बसा, सांगतो.

लोकसभेच्या महाराष्ट्रात ४८ जागा. त्यात अनुसूचित जातीला ५. अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. भिवंडी खुली. भिवंडी लोकसभेत विधानसभेच्या सहा जागा, त्यातल्या दोन, भिवंडी ग्रामीण आणि शहापूर, आदिवासींना राखीव. ते बरोबरच आहे, त्यांच्या डोंगरावर त्यांचाच माणूस पाहिजे. आपल्याला ह्या सहात एकही नाही. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आपल्याला एक, अंबरनाथ. म्हणजे समजा तुमच्यातला एखादा पोरगा पायरी पायरी चढत जिल्हा परिषदेपर्यंत गेला, तर पुढची पायरी त्याच्या गावात नाहीच. आणि खुल्या जागेवर त्याला कोण तिकीट देणार? २०१९ ला वंचितनं इथं उमेदवार दिला होता. पन्नास हजारांच्या आसपास मतं पडली. ती आपली मतं होती, काही मुसलमान भावांची होती. पन्नास हजार माणसं बिनपैशाची, बिनगाडीची, उन्हात उभी राहिली ही लहान गोष्ट नाही. पण जिंकणाऱ्याला ५ लाख २३ हजार होती, हेही तेवढंच खरं आहे.

राखीव जागेवरून गेलेला माणूस तरी कुणाचा असतो? हे भांडण १९३२ चं आहे. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला, मिळाला, आणि २४ सप्टेंबरला येरवड्यात उपोषणाच्या दबावाखाली सोडावा लागला. ७१ च्या जागी १४८ जागा आल्या, आणि त्या जागांवर कोण निवडून येणार ते ठरवायचा हक्क गावाकडं गेला. खुद्द बाबासाहेब १९५२ ला मुंबईत पडले. घटना लिहिणारा माणूस पडला, नारायण काजरोळकर निवडून आले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत परत पडले. १९५५ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशननं ठराव केला की ह्या राखीव राजकीय जागा आम्हाला नकोत, काढून टाका. आपलेच लोक, आपलाच ठराव! आज कुठल्या सभेत हे बोललं की लोक दगड घेतात. मी जागा काढा म्हणत नाही. पण ज्या जागेसाठी साखरेचं पोतं येतं ती कसली जागा आहे, ते बघून घ्या म्हणतो.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. गावाचं नाव विचारू नका, मावशी अजून तिथंच राहते.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, त्यामुळं सरपंचपदालासुद्धा आरक्षण आलं. चिठ्ठ्या निघतात. एका साली आमच्या मावशीच्या गावची चिठ्ठी निघाली, अनुसूचित जाती, महिला. गावात बौद्धांची अकरा घरं. त्या अकरा घरांत पॅनलवाला फिरला. शिकलेली सून नको म्हणाला, बोलकी बाई नको म्हणाला. माझी मावशी त्याला पसंत पडली कारण ती त्याच्या शेतावर भात लावायला जायची आणि त्याच्यासमोर कधी बसलेली नव्हती. निवडून आली. गुलाल पडला. आम्ही पोरं नाचलो. मी स्वतः नाचलोय, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवसापासून शिक्का पॅनलवाल्याच्या कपाटात. मासिक सभेला मावशी जायची, खुर्चीवर बसायची नाही, चटईवर बसायची. ग्रामसेवक घरी वही घेऊन यायचा, मावशी चुलीपुढून उठायची, हात पुसायची, सही करायची. सही तिला तेव्हाच शिकवली होती. ‘स’ काढायला तिला दोन दिवस लागले. मी म्हणलं, मावशे, वाचून घेत जा कशावर सही करते. ती म्हणाली, “आरं, मला वाचता आलं आसतं तर त्यांनी मला सरपंच केली आसती का?”

भावांनो, मी पाचपन्नास कविता लिहिल्यात. ह्या एका वाक्याएवढी एकही नाही.

पुढचं ऐका. दीड-दोन वर्षांनी एक कागद आला. बौद्धवाडीच्या नळाचा पैसा दुसरीकडं वळवायचा होता. तिला तो वाचता आला नाही, पण ग्रामसेवकाच्या तोंडून ‘पाणी’ आणि ‘तिकडं’ हे दोन शब्द पडले. तिनं वही परत दिली. म्हणाली उद्या करते. उद्या पण केली नाही. तेरवा पण नाही. आठ दिवस सही केली नाही! शेतावरचं काम बंद झालं. दुकानदारानं उधारी बंद केली. मग अविश्वासाचा ठराव. बाईवर ठराव आणायचा तर तीन चतुर्थांश सदस्य लागतात, कायद्यानं सोय केलीये. त्यांनी तीन चतुर्थांश जमवले. त्यात आपल्या वाडीतला एक सदस्य होता, तोही राखीव जागेवरचा. त्याची सही सगळ्यात वर.

पुढच्या वेळी चिठ्ठी फिरली, जागा खुली झाली. पायरी आली तशी गेली. आणि नळ? नळ झाला. ठरावाच्या गडबडीत पैसा वळवायचं राहून गेलं, नंतर मार्च आला, खर्च दाखवायला पाहिजे होता, म्हणून वाडीत नळ बसवला. मावशीनं फीत कापली नाही, पण पहिला हंडा तिनंच लावला. आठ दिवसांची नाही म्हणलेली सही, तिची किंमत एक नळ. सरपंचकीची बाकी सगळी वर्षं फुकट, आठ दिवस कामाचे.

आता दुसऱ्या वाटेकडं येतो. क्रेनच्या.

आपल्यातला माणूस दिल्लीत गेलाच नाही असं नाही. १९७२ च्या २९ मेला पँथर झाली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, आणखी कितीतरी. सगळी तुमच्या वयाची पोरं. १९७४ च्या जानेवारीत मध्य-दक्षिण मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक आली तर पँथरनं काय सांगितलं? मत देऊ नका. बहिष्कार. वरळीच्या बीडीडी चाळीच्या मैदानावर ५ जानेवारीला सभा झाली, दगड आले, पोलीस आले, गोळीबार झाला, रमेश देवरुखकर गेला. १० तारखेच्या मोर्चावर वरून पाटा पडला, भागवत जाधव गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. आपलं मत न देणंसुद्धा दिल्लीला ऐकू गेलं होतं, हे त्या जानेवारीत कळलं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, माझा बाप पण पोरगाच होता. पण त्या चाळीत आमचा एक नातेवाईक होता, तो मरेपर्यंत जिन्यातून जाताना वर बघत चालायचा.

त्या पँथरमधून पुढं रामदास आठवले आले. ग्रामपंचायत नाही, पंचायत समिती नाही. १९९० ला थेट विधान परिषद आणि राज्यात मंत्री. १९९८ ला लोकसभा. मग पंढरपूर, दोनदा. २००९ ला शिर्डीत पडले. २०१४ ला राज्यसभा, २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री. काँग्रेसबरोबर, मग राष्ट्रवादीबरोबर, मग सेना-भाजपबरोबर. मी त्यांच्या कवितेची टिंगल करणार नाही, ती सगळा देश करतो आणि त्यात निम्मे लोक आपल्या जातीला हसत असतात. मी फक्त विचारतो, कपिल पाटलांनी पक्ष बदलला आणि आठवल्यांनी मित्रपक्ष बदलला, ह्यात फरक काय? फरक हा की पाटलांना पक्षात घेताना त्यांच्यामागची सरपंचांची, सोसायट्यांची रांग मोजून घेतली. ते शिडीसकट आले. आपला माणूस घेताना पक्षानं निळा झेंडा मोजून घेतला. गावात आपला सरपंच किती, समितीत सदस्य किती, हे कुणी विचारलं नाही, कारण नव्हतेच. हूक लावला, उचललं, राज्यसभेत ठेवलं. राज्यसभेला गाव लागत नाही. आमदारांची मतं लागतात, म्हणजे मालकाची चिठ्ठी लागते.

पण थांबा. लगेच टाळ्या नकोत, कारण मी माझंच म्हणणं आता मोडणार आहे. दादासाहेब गायकवाडसुद्धा राज्यसभेत होते, १९६२ पासून. आणि राज्यसभेत असतानाच १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी उभा केला. पडीक जमीन द्या, कसेल त्याला द्या. बायामाणसं पोरं काखेत घेऊन तुरुंगात गेली, लाखांनी गेली, तुरुंग पुरले नाहीत. तेव्हा खुर्ची तीच, पण माणूस माल झाला नाही. का? कारण खाली जोर होता. आणि १९९८ ला चार जण लोकसभेत गेले, प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि आठवले मुंबईतून, चौघेही खुल्या जागेवरून. काँग्रेसची साथ होती, पण गट बाजूला ठेवून एक झाले होते म्हणून साथ मिळाली. तेरा महिन्यांत लोकसभा बरखास्त झाली आणि आपले गट परत ज्याचे त्याच्या घरी. तेव्हाची ती चार माणसं शिडीनं गेली का क्रेननं? मला अजून ठरवता येत नाही. रात्री पाळीवर असताना कधीकधी विचार करतो.

आणि मी तरी कोण लागून गेलो? सांगतो, नाहीतर मागाहून कुणी सांगेल. २०२४ ला लोकसभेच्या वेळी एका पक्षाच्या माणसानं मला गाठलं. म्हणाला, कवी आहेस ना, घोषणा लिहून दे, निळ्या वस्तीत चालतील अशा. पक्ष कुठला ते सांगत नाही, सगळ्यांच्या गाडीवर तशाच घोषणा होत्या. मी सहा घोषणा लिहिल्या. दोन हजार रुपये घेतले. घरात आईचं औषध होतं, हे खरं आहे, पण औषध चारशेचं होतं. राहिलेल्या सोळाशेचं काय केलं ते विचारू नका. आठ दिवसांनी टेम्पोच्या भोंग्यातून माझेच शब्द माझ्या दारावरून गेले. बाबासाहेबांचं नाव मी लिहिलं होतं, पुढं कुणाचं नाव जोडलं ते त्यांनी. पोरं मागं पळत होती. मी आत जाऊन दार लावलं.

तर साखरेचं पोतं घेतलेल्या त्या भावाला मी शिव्या देणार नाही. माझ्या पोत्यात साखर नव्हती एवढाच फरक. पण पोतं परत कर. खाल्ली असेल तेवढी विकत घेऊन भर आणि परत कर.

आता उभं राहायचं का नाही. बहिष्काराचा दिवस १९७४ ला होता, तो रोज नसतो. गावात आपण अकरा घरं बहिष्कार घालून बसलो तर पॅनलवाल्याला सोयीचंच आहे. उभं राहा. पण पॅनल बघून नाही, वही बघून. कुठली वही ते सांगतो, कारण हे मला मावशीच्या वेळी माहीत असतं तर कदाचित वेगळं झालं असतं.

ग्रामपंचायतीला स्वतःचं जे उत्पन्न मिळतं, घरपट्टी, पाणीपट्टी, त्यातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. हा नियम आहे, कुणाचा उपकार नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या गावात घरपट्टी जमते किती, आणि त्याचे १५ टक्के किती, चार खांब आणि एक बाकडं. पण तुमच्याकडं गोदामं आहेत! लांबून बाया येतात म्हणून जे पत्रे तुम्हाला परके वाटतात, त्यांच्या पट्टीतला सहावा-सातवा हिस्सा तुमच्या वाडीचा आहे. तो कुठं खर्च झाला? गेल्या पाच वर्षांत कुणी विचारलं? हात वर करा. एकही नाही. मग सरपंच होऊन काय, चटईवर बसणार?

दुसरा पैसा दलित वस्ती सुधारणेचा, तो जिल्हा परिषदेमार्फत येतो. आता गंमत बघा. २०२२ पासून महाराष्ट्रात बहुतेक जिल्हा परिषदांच्या आणि महापालिकांच्या निवडणुका लांबल्या. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागांचा घोळ. सगळीकडं प्रशासक. तुमच्या भिवंडी महापालिकेची मुदत २०२२ च्या जूनमध्ये संपली, मतदान व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. साडेतीन वर्षं नगरसेवकच नाही. आणि ह्याच काळात, २०२४ पर्यंत, देशाचा पंचायत राज्यमंत्री ह्याच भिवंडीचा! निवडणूक घेणं त्यांच्या खात्याच्या हातात नव्हतं, ते राज्याचं काम, हे मी मान्य करतो. पण ज्या शिडीनं माणूस वर गेला ती त्याच्या डोळ्यांदेखत मधल्या मधे काढून ठेवली होती, आणि दिल्लीतून कुणी हाक मारली नाही. ती शिडी काढल्यानं वर गेलेल्याचं काही अडत नाही. जो अजून पहिल्या पायरीवर पाय ठेवायचाय त्याचं अडतं.

नगरसेवक होते तेव्हा तरी काय होतं म्हणाल, तर तेही बरोबर. २०१७ ला तुम्ही काँग्रेसला ९० पैकी ४७ दिले. २०१९ च्या डिसेंबरात महापौराच्या मतदानाला त्यातले १८ फुटले आणि मूठभर नगरसेवकांच्या आघाडीचा महापौर झाला. १८! तुमच्या मतांची एवढी मोठी लॉट एका दुपारीत उतरवून दुसऱ्या गोदामात ठेवली, एक हमालसुद्धा न लावता.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की फॉर्म भरायच्या आधी वही मागा. अर्ज करायचा, माहिती अधिकारात, दहा रुपयांचं तिकीट लावून. १५ टक्क्यांची पाच वर्षांची रक्कम आणि कशावर खर्च झाली ते. उत्तर येईल किंवा येणार नाही. नाही आलं तर ग्रामसभेत उभं राहून मागा, १५ ऑगस्टची असो, २ ऑक्टोबरची असो. एकटा उभा राहू नका, एकट्याला बसवतात. बायांना पुढं करा असं मी म्हणत नाही, त्या पुढंच असतात, तुम्ही त्यांच्या आडवे येऊ नका. आणि ज्या पोराच्या हातानं तो अर्ज लिहिला जाईल, जो रजिस्टर वाचून वाडीला समजावून सांगेल, त्याला उभा करा, किंवा तिला. पडला तर पडू दे. म्हात्रे पडले नव्हते का? पुढच्या वेळी चिठ्ठी फिरली, जागा खुली झाली तरी वही फिरत नाही, ती कचेरीतच असते.

अर्जाचा कागद मी लिहून आणलाय. माझं अक्षर वाईट आहे, कुणीतरी चांगल्या अक्षरात उतरवा. तिकीट पण आणलंय. ह्या गावासाठी एक, पलीकडच्या गावासाठी एक. तिसरं नाही, पैसे नव्हते.

आता कोण सही करतंय? पहिल्यांदा त्या साखरवाल्या भावानं केली तर मला बरं वाटेल. नको? बरं, नको तर नको, मागून कर.

मला नऊच्या आत अंजूर फाट्याला सोडा कुणीतरी. आज पण रात्रपाळी आहे. जयभीम.